रोपांवर हायड्रोजन पेरॉक्साइड : आधी मोजा, मग घाला



एक डोळा पद्धतीची ऊसरोपे आता बरेच सभासद घरीच तयार करतात. ट्रेवर शेवाळ धरले, मुळे काळी पडली, की मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणून ओतायची, असे आमच्या पाहणीत आले. एका सभासदाने तर कापड ब्लिचिंगचे तीव्र द्रावण अंदाजाने टाकले. कोवळी पाने पांढरी पडून करपली, ट्रे फेकावे लागले आणि लागण लांबली. म्हणून हे चार शब्द.

हे औषध कुजक्या भागाला लागताच फसफसते. त्यातून प्राणवायू सुटतो व मागे नुसते पाणी उरते. त्या वेळी वरची बुरशी व शेवाळ मरते खरे. पण प्रमाण चुकले तर कोवळी मुळेही भाजतात.

बाटलीवरचे टक्के आधी वाचावेत. ३ टक्के असेल तर लिटरभर पाण्यात ३० मिली, ६ टक्के असेल तर १५ मिली. ब्लिचिंगचे ५० टक्क्यांचे आणूच नये. त्याने कातडी भाजते, डोळा जाऊ शकतो. प्रथम पाच-दहा रोपांवरच, संध्याकाळी घालून पाहावे. दारातल्या तुळशीला किंवा कुंडीलाही हेच प्रमाण.

द्रावण प्लॅस्टिकच्या भांड्यात, ऐनवेळी करावे. पितळी पंपात भरू नये. ब्लिचिंग पावडर, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट वा ताम्रयुक्त औषध त्यात मिसळू नये. रबरी हातमोजे घालावेत. डोळ्यात उडाल्यास पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. बाटली मूळचीच, अंधारात आणि पोरांच्या हाताबाहेर ठेवावी.

ट्रायकोडर्मा किंवा अ‍ॅसेटोबॅक्टर दिले असेल तर हे औषध घालू नये. पैसे देऊन आणलेले उपयोगी जीव आपणच मारतो. आधी पेरॉक्साइड घातले असेल तर दोन-तीन दिवस थांबून मग ती द्यावीत.

शिवाय काणी, गवताळ वाढ, लाल कूज हे रोग बेण्याच्या आत असतात. तिथे ही बाटली पोचत नाही. त्याला निरोगी बेणेमळ्याचेच बेणे हवे. आणि मुळे कुजण्याचे दुखणे बहुधा जादा पाण्याचे असते. ट्रेची भोके मोकळी करा, पाणी तोडा. निम्म्या वेळा औषधाची गरजच उरत नाही.

शंका वाटल्यास बाटली उघडण्याआधी दोन रोपे मुळासकट उपटून गट ऑफिसात आणा. आम्ही पाहून सांगू.

— ऊस विकास अधिकारी