जुन्या मोटारीचा पंप आणि गॅस्केट

अँबेसिडरचे उत्पादन 2014 साली थांबले. पण जपून ठेवलेल्या गाड्या बेळगावकडे अजून आहेत. वॉटर पंपाच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकू लागले की पुष्कळजण रेडिएटरमध्ये वरून पाणी ओतून वेळ मारून नेतात. ही काटकसर नव्हे. घाटात पाणी संपते, इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट जळते. ऑइलमध्ये पाणी मिसळून ते ताकासारखे दिसते आणि बेअरिंगेही जातात.

म्हणून पंप वेळीच बदलावा. हेड उतरवावेच लागले, तर इंजिन गार झाल्यावर उतरवावे. ते सपाट आहे का, हे पट्टी लावून पाहावे. गॅस्केट नवेच घालावे. नट मधून कडेकडे, क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. नाहीतर हेड सारखे बसत नाही.

जमाखर्चाच्या भाषेत, पंप हा महसुली खर्च. तो टाळला तर भांडवलच बुडते.