फुकटाची हद्द कुठं आखायची?

सॉफ्टवेअरचा व्यवसाय : लेखांक ९

गेल्या लेखात आपण विक्रीच्या माणसांचा हिशेब मांडला. डेमो, प्रवास, कमिशन, थकलेल्या पैशांसाठी मागे लागणं हे सगळं धरलं, तर किंमत लाखाच्या घरात असल्याखेरीज दारोदार जाऊन सॉफ्टवेअर विकणं परवडत नाही. मग ज्याचं सॉफ्टवेअर वर्षाला तीन-चार हजार रुपयांचं आहे त्यानं काय करायचं? पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात अशी मंडळी पुष्कळ आहेत. दोघं-तिघं मिळून चांगली वस्तू बनवतात आणि विक्रीपाशी येऊन अडतात. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे.

त्यांना खुल्या असलेल्या मार्गाला या धंद्यात प्रॉडक्ट-लेड ग्रोथ म्हणतात. वापरता वापरताच गिऱ्हाइकाला वस्तूचं मोल पटावं, त्याच्या वापरातूनच पुढचं गिऱ्हाईक यावं आणि पैसे भरायला कुणाशी बोलावंही लागू नये, असा हा बेत. हे नाव २०१६ मध्ये ओपनव्ह्यू या अमेरिकी गुंतवणूकदार संस्थेनं रूढ केलं, पण चाल जुनीच आहे. ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू झालं. काही काळ पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये शिकलेला साबीर भाटिया आणि त्याचा सहकारी जॅक स्मिथ यांनी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी फुकट ई-मेलचं आमंत्रण जोडलं. कल्पना त्यांचा गुंतवणूकदार टिम ड्रेपर याची. १९९७ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टनं कंपनी विकत घेतली तेव्हा हॉटमेलचे सदस्य ८५ लाखांवर गेले होते.

हिशेबासकट समजून घ्यायचं तर मात्र फायली सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्या ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सकडे जावं. तिचा संस्थापक ड्रू ह्यूस्टन यानं २०१० मध्ये आपल्या सुरुवातीच्या दिवसांतले आकडे, चुकांसकट, लोकांसमोर मांडले होते. बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर पेन ड्राइव्ह घरीच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तिथंच त्यानं कोड लिहायला घेतला, ही त्याची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पुढचा भाग जास्त उपयोगाचा आहे. सप्टेंबर २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स सर्वांसाठी खुलं झालं आणि कंपनीनं चारचौघांसारखं गूगलच्या जाहिरातींवर पैसे लावले. हिशेब केला तेव्हा एक पैसे भरणारं गिऱ्हाईक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर पडत होते. वस्तूची वर्षाची किंमत होती ९९ डॉलर.

जाहिरातवाल्यांनी सुचवलेले उपाय करून झाले. जाहिरातीवरून येणाऱ्यांना फुकटचा पर्याय दिसूच नये, अशीही सोय करून पाहिली. गाडी तरी हलेना. कारण साधं होतं. लोक जे शोधत असतात त्याचीच जाहिरात शोधपानावर चालते. आपल्या फायली सगळ्या कॉम्प्युटरांवर आपोआप सारख्या राहू शकतात हे ज्याच्या स्वप्नातही नाही, तो शोधणार तरी काय?

मग त्यांनी मोहरा वळवला. मित्राला बोलवा, तुम्हालाही जादा जागा, त्यालाही जादा जागा: सुरुवातीला २५० एमबी, पुढं ५०० एमबी. या एका योजनेनं नवी नोंदणी कायमची ६० टक्क्यांनी वाढली. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख असलेले सदस्य जानेवारी २०१० मध्ये ४० लाख झाले. एप्रिल २०१० पर्यंतच्या तीस दिवसांत लोकांनी २८ लाख आमंत्रणं धाडली. त्या सुमारास रोजच्या नव्या नोंदणीतला ३५ टक्के वाटा आमंत्रणांचा होता आणि २० टक्के वाटा एकमेकांना दिलेल्या फोल्डरसारख्या गोष्टींचा.

या दोन आकड्यांत मला वीस टक्क्यांचा आकडा अधिक मोलाचा वाटतो. बक्षीस बंद झालं की आमंत्रणं आटतात. फोल्डर देणं हे मात्र त्या माणसाचं रोजचंच काम असतं. समजा, नागपूरच्या फोटोग्राफरनं लग्नाचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकले आणि ते फोल्डर अल्बम छापणाऱ्याला दिलं. त्याला अल्बमचं काम पुढं सरकवायचं आहे, ड्रॉपबॉक्सचा प्रचार करायचा त्याच्या मनातही नाही. छापणाऱ्यालाही ते फोल्डर आपल्या कॉम्प्युटरवर हवं असतं, म्हणून तो खातं उघडतो. पुढच्या लग्नाला तोच दुसऱ्या फोटोग्राफरला सांगतो, ‘फोटो यातच टाक.’ विक्रीसाठी कंपनीनं काहीही केलेलं नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असा एखादा क्षण आहे का, जिथं वापरणाऱ्याला स्वतःच्या कामासाठी दुसऱ्या माणसाला आत आणावं लागतं? नसेल तर तो घडवता येईल का? या मार्गानं जाणाऱ्यानं पहिला प्रश्न हा विचारावा.

आपल्याकडच्या अनेक ॲपवाल्यांनी ड्रॉपबॉक्सचं अर्धंच अनुकरण केलं. मित्राला बोलवा, शंभर रुपये मिळवा. लोक शंभर रुपयांसाठी येतात, ते घेतात आणि जातात. ड्रॉपबॉक्सचं बक्षीस ही ड्रॉपबॉक्सचीच जादा जागा होती. ज्याला वस्तूची गरज नाही त्याला त्या बक्षिसाचंही काही नव्हतं.

आता फुकटाच्या हद्दीकडे येऊ. सगळं फुकट दिलं तर पैसे कोण भरणार, आणि काहीच दिलं नाही तर वस्तू कळणार कशी? या विषयावर अमेरिकेत पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत, पण मला सर्वांत नेमकं वाटणारं उदाहरण आपल्या तालुक्याच्या गावी, टॅलीच्या क्लासमध्ये सापडतं.

लायसन्स न घेता टॅली उघडलं तर ते एज्युकेशनल मोडमध्ये चालतं. कंपनी तयार करा, लेजर उघडा, व्हाउचर टाका, ताळेबंद काढा, शिकायला लागणारं जवळपास सगळं करता येतं. अडसर तारखेचा. नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना घालता येतात. बी.कॉम.च्या मुलीला खरेदी, विक्री, जमा, नावे शिकायला या तीन तारखा भरपूर झाल्या. दुकानदाराला त्यांचा उपयोग शून्य, कारण त्याचं गिऱ्हाईक सतरा तारखेलाही येतं. शिकणाऱ्याचं काही अडत नाही आणि धंदा करणाऱ्याला एक दिवसही चालवता येत नाही. शिकायला लागणारी फीचर न कापता, मुख्यतः तारखेवर आखलेली ही हद्द आहे. तीच मुलगी पुढं एखाद्या पेढीवर हिशेबाला लागते आणि मालकाला म्हणते, ‘मला टॅली येतं.’ मालक लायसन्स घेतो.

टॅलीला आजच्या अर्थानं प्रॉडक्ट-लेड म्हणता येणार नाही. तिची विक्री पार्टनरांच्या जाळ्यावर उभी आहे. पण हद्द आखण्याचं हे शहाणपण कुणीही शिकावं असं आहे.

झूमची हद्द महाराष्ट्रातल्या घराघरानं २०२० मध्ये अनुभवली. तिघांची किंवा त्याहून अधिक जणांची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद. घरच्या गप्पांत तेवढ्यात सगळ्यांची ख्यालीखुशाली कळून होई. व्याख्यानमालेतलं भाषण, कंपनीची बैठक मात्र चाळीस मिनिटांत आटोपत नाही, आणि नेमके हेच लोक पैसे भरू शकणारे होते. ऑफिसातल्या संदेशांसाठीच्या स्लॅकनं बरीच वर्षं फुकट वापरणाऱ्यांना शेवटचे १०,००० संदेश दाखवले. संदेश जपून ठेवलेले असत, फक्त जुने दिसत नसत. सप्टेंबर २०२२ पासून ही हद्द ९० दिवसांची झाली. तत्त्व तेच: आधी लाभ, मग भिंत. भिंतीपाशी पोचेपर्यंत त्या माणसाचं काम त्या वस्तूवर टेकलेलं असतं.

याच्या उलट चूक आपल्याकडे सर्रास होते. कुठलंही सॉफ्टवेअर असो, ट्रायल ३० दिवसांची. हाउसिंग सोसायटीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्या. देखभालीची बिलं पुष्कळ ठिकाणी तिमाही निघतात, हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, मग ऑडिट, मग ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग सचिवाला कळतो तो थकबाकीची यादी एका मिनिटात निघते तेव्हा, किंवा ऑडिटरसमोर बसल्यावर. तीस दिवसांत यातलं काहीच घडत नाही. सचिव दोन दिवस खेळून पाहतात आणि नंतर विसरतात. त्यापेक्षा वीस सदनिकांपर्यंत कायमचं फुकट ठेवावं, किंवा पहिली दोन तिमाही बिलं फुकट काढू द्यावीत. हद्द गिऱ्हाइकाच्या कामाच्या चक्राशी जोडावी, कॅलेंडरशी जोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

भिंतीइतकंच लक्ष पहिल्या लाभाच्या क्षणाकडे द्यावं. स्लॅकचा संस्थापक स्टुअर्ट बटरफिल्ड सांगे, की ज्या गटानं २,००० संदेशांची देवाणघेवाण केली त्या गटानं वस्तू खऱ्या अर्थानं वापरून पाहिलेली असते, आणि अशा गटांपैकी ९३ टक्के टिकून राहिले. ड्रॉपबॉक्सनंही नवख्या माणसापुढं सात छोट्या पायऱ्यांची यादी ठेवली होती. कॉम्प्युटरवर बसवा, फोल्डरमध्ये फाइल टाका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवा, कुणाला तरी फोल्डर द्या, अशा. त्यातल्या पाच पूर्ण करणाऱ्याला जादा जागा मिळे. नोंदणीचा आकडा सगळेच मिरवतात. किती जण या टप्प्यापर्यंत पोचले हे मोजणारे थोडे असतात, आणि धंदा त्यांचाच उभा राहतो.

आता खर्चाची बाजू. ड्रॉपबॉक्स २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हा तिच्याकडं ५० कोटींहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते होते आणि पैसे भरणारे १ कोटी १० लाख. म्हणजे शेकडा दोनच्या आसपास. तेवढ्यावर २०१७ ची उलाढाल १.१ अब्ज डॉलर होती, आणि ९० टक्क्यांहून अधिक उत्पन्न स्वतःहून येऊन पैसे भरणाऱ्यांकडून आलं होतं. पैसे भरणाऱ्या एकामागं चाळीस-पंचेचाळीस फुकट वापरणारे सांभाळायचे, तर त्या प्रत्येकावरचा खर्च जवळपास शून्य हवा. आपल्याकडचे लहान उद्योग इथंच बुडतात. फुकट वापरणाऱ्यालाही मालकाचा व्हॉट्सॲप नंबर दिलेला असतो. ‘सर, पासवर्ड विसरलो’, ‘सर, प्रिंट वाकडी येतेय’ यातच दिवस जातो. ज्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दहाव्यांदा द्यावं लागतं तो प्रश्न सॉफ्टवेअरमधून काढून टाकायचा असतो. या मार्गात सपोर्टचा प्रत्येक फोन ही वस्तूतली त्रुटी समजावी आणि नव्या फीचरच्या आधी ती दुरुस्त करावी.

हा मार्ग सगळ्यांचा मात्र नव्हे. वापरणारा आणि पैसे देणारा एकच असेल, किंवा निदान वापरणाऱ्याचा शब्द पैसे देणाऱ्याकडं चालत असेल, तिथं तो चालतो. पतसंस्थेचं बँकिंग सॉफ्टवेअर काउंटरवरचा कारकून वापरतो, पण ठराव संचालक मंडळ करतं. साखर कारखान्याचा वजनकाटा आणि ऊस नोंदणीचं सॉफ्टवेअर निविदेनं जातं. मोठ्या रुग्णालयात नर्सला कितीही आवडलं तरी खरेदीचा कागद तिच्या टेबलावरून जात नाही. तिथं माणसं पाठवावीच लागतात. स्लॅकसारख्या कंपनीनंही मोठ्या गिऱ्हाइकांसाठी पुढं विक्रीचा विभाग उभारलाच.

आपल्या जवळचं एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या आयआयटी मुंबईच्या दोघांनी २०११ मध्ये मुंबईतून ब्राउझरस्टॅक सुरू केलं. आपली वेबसाइट वेगवेगळ्या ब्राउझरांवर आणि फोनवर कशी दिसते हे प्रोग्रामरला बसल्या जागी तपासता यावं, एवढंच काम. प्रोग्रामरनं साइटवर यावं, थोडा वेळ फुकट वापरून पाहावं, कार्डानं पैसे भरावेत. ओपन सोर्स प्रकल्पांना वापर फुकट, म्हणजे ज्यांचं बोलणं इतर प्रोग्रामर ऐकतात त्यांच्या हातात वस्तू आपोआप पोचली. २०१८ पर्यंत त्यांनी बाहेरची मोठी गुंतवणूक घेतलीच नाही, गिऱ्हाइकांच्या पैशांवर कंपनी वाढवली. २०२१ मध्ये तिचं मूल्यांकन ४ अब्ज डॉलर झालं. मुंबईत बसून जगभर विकण्यासाठी त्यांना देशोदेशी ऑफिसं थाटून सुरुवात करावी लागली नाही, याचं कारण पहिली ओळख वस्तूनंच करून दिली.

तुमच्याकडे विकायला सॉफ्टवेअर असेल, तर पुढचा लेख येईपर्यंत एक काम करा. ज्यानं ते कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला, शक्य तर एखाद्या दुकानातल्या किंवा सोसायटीच्या ऑफिसातल्या माणसाला, कॉम्प्युटरसमोर बसवा आणि खातं उघडायला सांगा. तुम्ही मागं उभे राहा आणि तोंडातून शब्द काढू नका. तो कुठं थांबतो, कुठं मागं वळून तुमच्याकडे बघतो, पहिलं उपयोगी काम व्हायला त्याला किती मिनिटं लागतात, हे कागदावर लिहा. पुढच्या आठवड्यात आपण किमतीच्या पाटीबद्दल बोलणार आहोत. तेव्हा तो कागद जवळ ठेवा.