पाय मारण्याची विद्या

पोहण्यास शिकविण्यासाठी साधनांचा आधार घेणे ही काही आजकालची तजवीज नव्हे. विहिरीत उतरणाऱ्या पोराच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, वाळलेला भोपळा किंवा हवाबंद डबा बांधण्याचा रिवाज महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि पोराची भीड चेपली की वडीलधारी मंडळी तो आधार सोडवूनही घेत. आज अंबरनाथ पश्चिमेसारख्या वस्तीतील मुले तलावावर निघतात, तेव्हा पिशवीत किकबोर्ड (हाताने धरायची तरंगती फळी), पुल बॉय (मांड्यांत धरायचा तरंगता ठोकळा) आणि फिन्स (पायांत घालायची पाती) असतात. परंतु आधार केव्हा द्यावा आणि केव्हा काढावा, हा विवेक मात्र पूर्वीइतकाच अगत्याचा आहे.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये त्याची विशेष जरुरी भासते. क्रॉलमध्ये गतीचा मोठा भार हात वाहतात, तर येथे तो बव्हंशी पायांवर पडतो. कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी १८७५ साली इंग्लिश खाडी सुमारे पावणेबावीस तासांत पार केली, ती याच पद्धतीने. त्या काळी पाय रुंद फाकवून मिटीत असत. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेतील प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी गुडघे जवळ ठेवून चाबकासारखा फटकारा देणारी अरुंद किक पुरस्कारिली आणि त्यांचे शिष्य चेट जास्ट्रेम्स्की यांनी १९६१ साली विश्वविक्रमांनी तिचे सामर्थ्य सिद्ध केले.

या किकचे मर्म असे की टाचा सावकाश नितंबांकडे ओढाव्यात, मांड्या पोटाखाली आणू नयेत (कारण आडवी आलेली मांडी पाण्याचा रोध वाढविते), पावले बाहेर वळवून तळव्यांनी व पोटरीच्या आतील अंगाने पाणी मागे लोटावे, आणि पाय जुळताच देह ताणून क्षणभर सरकू द्यावा. पावले बाहेर वळलीच पाहिजेत, असा स्पर्धेचा नियमही आहे.

प्रत्येक साधन या किकमधील एकेका दोषाचा बंदोबस्त करते. मांड्यांमध्ये पुल बॉय धरून पाय मारावेत. गुडघे अवाजवी फाकले की तो निसटून वर तरंगतो आणि चूक त्याच क्षणी उघडी पडते. गुडघ्यांवर बांधलेली रबरी पट्टी हेच काम अधिक सौम्यपणे करते. किकबोर्ड धरून मान उंच ठेवली तर कंबर बुडते, म्हणून हात लांबवून चेहरा पाण्यात ठेवावा. स्नॉर्केल असल्यास श्वासासाठी मान उचलावी लागत नाही. फिन्स घेणे झाल्यास ब्रेस्टस्ट्रोकसाठीच बनविलेले आखूड घ्यावेत, लांब पात्यांचे येथे अडचणच करतात. आणि विनाखर्चाचे एक साधन तर प्रत्येकापाशी आहेच: दोन्ही हात नितंबांपाशी ठेवून पोहावे आणि दर किकला टाचा बोटांना लागतात की नाही, ते पाहावे.

तथापि गुडघ्याच्या आतील बाजूस वेदना जाणवल्यास तालीम तत्काळ थांबवावी, कारण ही किक तेथील अस्थिबंधावर ताण देते आणि दुखत्या गुडघ्यावर केलेली मेहनत इजाच वाढविते.

साधनासह एक फेरी आणि लगोलग साधनावाचून दुसरी, हा क्रम मी प्रत्येक पालकास आग्रहाने सांगेन. दुसऱ्या फेरीत हातांची आवर्तने मोजावीत, आणि तेवढेच अंतर पूर्वीपेक्षा कमी आवर्तनांत कापले गेले तर साधनाने शिकविलेले पायांनी आत्मसात केले, असे निःशंक समजावे.