धारेच्या ओल्या चाकाची निगा

सुताराची पटाशी घावागणिक लाकडात शिरते आणि बाहेर येते. कातकामाच्या पटाशीला ही विश्रांती नाही. लेथवर लाकूड फिरत असते आणि कातारी आपली पटाशी त्याला लावून धरतो. लाकूड पाच सेंटिमीटर जाडीचे असेल आणि मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्या एका मिनिटात सुमारे २३५ मीटर लाकूड धारेवरून सरकते! मग सावंतवाडीच्या चितार आळीतले खेळणे असो वा पाळण्याचा दांडा, हत्याराला दिवसातून कितीदा तरी धार लावावी लागणारच.

ही धार कोरड्या एमरी चाकावर लावली तर काय होते? पंधरा सेंटिमीटरचे चाक मिनिटाला २८५० फेरे घेते, म्हणजे त्याची कड सुमारे १३४० मीटर धावते. ठिणग्या उडतात, टोक तापते. साध्या पोलादाच्या पटाशीवर आधी गवती पिवळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. लोहार म्हणतो, ‘पाणी उतरले.’ तो निळा डाग घासून निघेल, पण गेलेला कठीणपणा परत येत नाही. तेवढा भाग घासून टाकावा लागतो आणि पटाशी आखूड होते. हायस्पीड पोलाद अधिक उष्णता सोसते, हे खरे. पण घासले ते तर जातेच.

यावर उपाय म्हणजे पाण्यात भिजत सावकाश फिरणारे चाक. पंचवीस सेंटिमीटरचे असे चाक मिनिटाला ९० फेरे घेत असेल, तर त्याची कड जेमतेम ७० मीटर जाते, आणि पाणी उष्णता वाहून नेते. आता गंमत पाहा: ज्या पाण्याने हत्यार वाचते, त्याच पाण्याने चाक बिघडते. पण ते केव्हा? काम संपल्यावर!

चाक सच्छिद्र असते, ते पाणी पिते. कोरडे चाक सुरू केले की कुंडीतले पाणी भराभर कमी होते. तेव्हा पुन्हा भरावे. पण काम आटोपल्यावर चाक तसेच पाण्यात ठेवले, तर खालचा भाग पाणी पिऊन जड होतो, वरचा सुकतो. दुसऱ्या दिवशी चाक एका अंगाला ओढते आणि धार असमान लागते. म्हणून काम झाले की आधी कुंडी काढा किंवा खाली उतरवा, आणि चाक थोडा वेळ मोकळे फिरू द्या. ही एवढी सवय लागली, तर निम्मी निगा झाली म्हणून समजा.

कुंडीच्या तळाशी पोलादाचा चुरा व चाकाची झीज साठते. तो गाळ मोरीत ओतू नका, तिथे तो घट्ट बसतो. पाणी निवळू द्यावे, वरचे ओतावे, गाळ वेगळा टाकावा. आसाला ग्रीस लावा. नाही तर चाक गंजून आसालाच धरते आणि काढताना फुटण्याची भीती असते.

गोल पटाशी एकाच जागी धरली की चाकाला खाच पडते. हत्यार रुंदीभर सरकवत राहावे. चाक गोल आहे की नाही, हे पाहण्यासाठी आधारावर पेन्सिल टेकवून टोक चाकाजवळ न्या आणि चाक हाताने फिरवा. ते कुठे लागते, कुठे सुटते, हे कळेल. मग हिरकणी बसवलेल्या हत्याराने, पाणी घालूनच, हलके हलके थर काढावेत. एकदम खोल जाऊ नये.

शाळेच्या कार्यशाळेतील शिक्षकांनी एक गोष्ट अवश्य करावी. नवे चाक बसवण्यापूर्वी ते भोकातून काठीवर टांगून लाकडी मुठीने ठोकून पाहावे. बाजारात आपण मडके ठोकून घेतो, तसेच. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तडा असण्याचा संभव, ते चाक लावू नये. मात्र परीक्षा कोरड्या चाकाचीच घ्यावी, कारण भिजलेले चांगले चाकही बद्दच वाजते. आणि मोटार व पाणी शेजारी आहेत, तेव्हा अर्थिंगची तार नीट जोडलेली हवी आणि चाकाला हात लावण्याआधी प्लग काढलेला हवा.

शेवटची लव काढणाऱ्या चामड्याच्या चाकाला पाणी नको, तेल हवे. त्यावर पटाशी अशी धरावी की चाक धारेपासून दूर फिरेल. उलट धरली तर ती चामड्यात रुतते.