दोष कुणाचा – चिपचा की आपला?

दुकानातून आणलेला विजेचा दिवा घरी लागला नाही, तर तुम्ही काय करता? तो दुसऱ्या खोलीतल्या होल्डरमध्ये लावून पाहता. तिथेही लागला नाही, तर दुकानात परत नेता. दुकानदार तो आपल्या होल्डरमध्ये लावतो, मान हलवतो आणि बदलून देतो. सारा मामला पाच मिनिटांचा. पण समजा, तो दिवा चाळीस वर्षांपूर्वीचा आहे, तसे दिवे आता जगात कोणीच बनवत नाही, आणि दुकानदार सात हजार किलोमीटर दूर आहे. त्याची नि तुमची ओळख फक्त पडद्यावरची. मग 'दिवा गेलेलाच निघाला, पैसे परत करा' हे त्याला कसे पटवणार?

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील काही मुलांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. फक्त दिव्याच्या जागी एक चिप होती.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुना संगणक धूळ खात पडला होता. जात 'बीबीसी मायक्रो'. ब्रिटनमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या डिसेंबरात तो बाजारात आणला. सर्वसामान्य लोकांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून बीबीसीने जी मोहीम काढली होती, तिच्यासाठी हा संगणक निवडला गेला होता. आपल्या देशातही १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू झाला, तेव्हा शाळांमध्ये आले ते हेच यंत्र. तुमच्यापैकी काहींच्या आईवडिलांनी त्यावर पहिले अक्षर उमटवले असेल! त्याची स्मृती केवढी, तर ३२ किलोबाइट. आज मोबाइलवरील एका साध्या छायाचित्रालाही ती पुरायची नाही.

मुलांना तो चालू करायची घाई झाली होती. आम्ही मात्र आधी त्याची विद्युत पुरवठ्याची पेटी जाणत्या कारागिराकडे पाठवली. या पेटीत थेट घरगुती विजेवर बसवलेली कागदी धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, असतात. इतक्या वर्षांत त्यांच्या वेष्टनाला बारीक तडे जातात, कागद हवेतला ओलावा पितो, आणि वीज दिली की थोड्या वेळात घुसमटवणारा धूर निघतो. ती धारित्रे बदलून आली. (ही पेटी तुम्ही स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यातील काही भागांत जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो.) मग पेटीतून बाहेर पडणारा विद्युतदाब मोजला. ५ व्होल्ट हवे होते, ५.०२ भरले. हा आकडा एका मुलीने वहीत टिपून ठेवला. पुढे तो फार उपयोगी पडला.

संगणक सुरू झाला. टूं-टीं असा त्याचा ठरलेला दुहेरी आवाजही आला. पण पडद्यावर पाहतो तो काय, जिथे कोरी जागा हवी तिथे शून्येच शून्ये! आणि वरच्या ओळीत इंग्रजीत 'बीबीसी' ही तीन अक्षरे हवीत, तर तिथे चक्क 'आरआरएस'.

ही गंमत नीट समजून घेऊ. संगणक अक्षरे ओळखत नाही, तो संख्या ओळखतो. 'आस्की' या संकेतानुसार मोठ्या लिपीतील 'बी' म्हणजे ६६. ही संख्या द्विमान पद्धतीत ०१००००१० अशी लिहितात. या आठ घरांना बिट म्हणतात आणि ती उजवीकडून, शून्यापासून मोजतात. आता उजवीकडून क्रमांक ४ चे घर पाहा. त्याची किंमत १६. तिथे ० आहे. तिथे ० ऐवजी १ आला तर? ६६ अधिक १६ म्हणजे ८२, आणि ८२ म्हणजे 'आर'. 'सी' आहे ६७, त्यात १६ मिळवले की ८३, म्हणजे 'एस'. कोऱ्या जागेचा संकेत ३२, त्यात १६ मिळवले की ४८, आणि ४८ हा '०' या अंकाचा संकेत. कोडे सुटले! पडद्याच्या स्मृतीत क्रमांक ४ चा बिट कायमचा १ वर अडकला होता. 'कॉम्प्युटर' या इंग्रजी शब्दातील पी, यू, टी आणि आर ही चार अक्षरे मात्र शाबूत होती, कारण त्यांच्यात तो बिट मुळातच १ असतो. इंग्रजी मोठ्या लिपीतील 'बेसिक' हा शब्द कसा दिसला असेल, ते तुम्ही कागदावर काढून पाहा.

या संगणकात ४८१६ क्रमांकाच्या सोळा स्मृती-चिपा असतात. प्रत्येक चिपमध्ये १६,३८४ बिट मावतात. आठ चिपा मिळून एक अर्धा भाग होतो, आणि त्यातली प्रत्येक चिप प्रत्येक बाइटमधला एकच ठरावीक बिट सांभाळते. पडद्याची स्मृती वरच्या अर्ध्यात असते. खालचा अर्धा ठीक नसता, तर संगणक सुरूच झाला नसता. म्हणजे पडद्याकडे नुसते पाहून सोळांपैकी एका चिपवर बोट ठेवता आले. डॉक्टर नाडी पाहून सांगतात, त्यातलाच प्रकार!

आता नवी चिप आणायची कुठून? ४८१६ चे उत्पादन केव्हाच थांबले आहे. ती मिळते एक तर मोडीत काढलेल्या यंत्रांतून, नाही तर कुठल्या गोदामात न वापरता राहिलेल्या साठ्यातून, आणि विकली जाते ती मुख्यतः इंटरनेटवर. मुलांनी वर्गणी काढली. शिक्षकांच्या नावाने परदेशातील एका विक्रेत्याकडून तीन चिपा मागवल्या. एक बसवायला, दोन हाताशी. मागवताना एक चूक थोडक्यात टळली. ४११६ नावाची दुसरी एक चिप स्वस्त मिळत होती. तीही १६,३८४ बिटांचीच. पण तिला तीन वेगवेगळे विद्युतदाब लागतात, ४८१६ ला मात्र एकटे ५ व्होल्ट पुरतात. चुकीची चिप मागवून ती चालली नाही, तर दोष विक्रेत्याचा कसा?

विक्रीच्या पानावरचा शब्दन् शब्द वाचायला हवा, तो यासाठीच. 'तपासलेली', 'तपासलेली नाही' आणि 'फक्त सुट्या भागांसाठी' या तीन गोष्टींचे अर्थ अगदी वेगळे आहेत. तिसरी घेऊन ती चालत नाही अशी तक्रार कोणी ऐकणार नाही. दुसरीची किंमत कमी असते, ती त्यातल्या जुगाराची. आमच्या पानावर 'तपासलेली, चालू' असे स्पष्ट लिहिले होते, आणि मुलांनी त्या पानाचे छायाचित्र काढून ठेवले होते. तुम्हीही ठेवत जा. विक्री झाल्यावर असा मजकूर बदलू शकतो.

पाकीट आले. ते उघडतानाही छायाचित्रे घेतली. चिपांवरची अक्षरे पाहिली, कारण या धंद्यात लबाडीही चालते. स्वस्त चिपचा वरचा थर घासून काढायचा, काळा लेप द्यायचा आणि त्यावर महागड्या चिपचे नाव छापायचे. असा लेप ॲसिटोनच्या बोळ्याने पुष्कळदा निघून येतो. चिपवर तिच्या जन्माचे वर्ष आणि आठवडा सांगणारे चार आकडे बहुधा असतात, त्यांचा मेळ बसतो का तेही पाहायचे. आमच्या चिपांमध्ये संशयास्पद काही दिसले नाही.

जुनी चिप काढून तिच्या जागी सॉकेट बसवले. मुलांनी धातूच्या नळाला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवला, मगच चिपांना स्पर्श केला. नवी चिप बसवली, बटण दाबले. पुन्हा शून्ये! पुन्हा आरआरएस!

"फसवलं आपल्याला! सर, लगेच पैसे मागू," एक जण म्हणाला. पण थांबा. जुनी चिप लावल्यावर जो दोष, तोच नवी लावल्यावर. याचे दोन अर्थ होऊ शकतात. नवीही बिघडलेली आहे, किंवा दोन्ही चिपा ठणठणीत असून दोष पाटीवरच्या तांब्याच्या रेषेत, नाही तर आपण केलेल्या डाखकामात आहे. अशा वेळी विज्ञान काय सांगते? एकच गोष्ट बदला, बाकी सारे तसेच ठेवा.

मग क्रमांक ३ च्या बिटाच्या जागीही सॉकेट बसवले. तिथली चांगली चिप ४ च्या जागी लावली आणि संशयित चिप ३ च्या जागी. दोष पाटीचा असेल, तर पडद्यावर काही बदलणार नाही. दोष चिपचा असेल, तर तो चिपबरोबर जागा सोडील. बटण दाबले. शून्ये गेली! त्यांच्या जागी पडदाभर उघडणारे कंस उमटले, आणि वर 'जेजेके'. हिशेब करा. बिट ३ ची किंमत ८. कोरी जागा ३२, त्यात ८ मिळवून ४०, म्हणजे उघडणारा कंस. ६६ अधिक ८ म्हणजे ७४, 'जे'. ६७ अधिक ८ म्हणजे ७५, 'के'. दोष चिपच्या पाठोपाठ गेला होता. न्यायालयात साक्षीदाराने आरोपीकडे बोट दाखवावे, तशी दोन छायाचित्रे हाती आली.

आणि नेमक्या याच वेळी घात झाला. आनंदाच्या भरात एका मुलाने दुसरी नवी चिप सॉकेटमध्ये उलटी बसवली. चिपच्या एका टोकाला खाच असते, ती दिशा दाखवण्यासाठीच. उलट्या चिपला ५ व्होल्ट भलत्याच पायावर मिळाले. संगणक सुरू होईना. बोट लावले तो चटका बसला. ती चिप मेली. तिसरी सरळ बसवली आणि पडदा लख्ख झाला.

आता पत्र लिहायचे होते. एकाने हळूच सुचवले, "दोन चिपा बिघडलेल्या निघाल्या असं लिहू या की. त्यांना कुठे कळणार आहे?" खरेच, कळले नसते. वर्गणीत त्याचे खाऊचे पैसे होते, आणि उलटी चिप बसवणारा त्याचाच मित्र होता. बरीच वादावादी झाली. दुसरी बाजूही तितकीच अवघड होती. खरे लिहिले, तर विक्रेता म्हणणार, 'उलट्या चिपा बसवणारे तुम्ही, पहिलीही तुम्हीच मारली असणार.' शेवटी ती वही लिहिणारी मुलगीच म्हणाली, "छायाचित्रं खरी आणि पत्र खोटं, असं कसं चालेल?" पत्रात सारे लिहिले. एका चिपचे पैसे मागितले, उलट्या चिपचे नाहीत.

विक्रेत्याचे उत्तर आले: आम्ही तपासूनच पाठवतो, तुमच्याकडे बिघडली असावी. खरे सांगायचे तर हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. आमच्या प्रयोगाने चिप आज मेलेली आहे हे सिद्ध झाले होते. ती केव्हा मेली, हे नव्हते. मुलांनी वही उघडली. पुरवठ्याचा दाब ५.०२ व्होल्ट. त्याच पुरवठ्यावरच्या बाकी पंधरा चिपा सुखरूप, तेव्हा जादा दाबाने हीच एक मरण्याचे कारण नाही. नवी चिप सॉकेटमध्ये बसवली होती, तिला डाखणीचा तापही लागला नव्हता. आणि उलटी चिप लावण्याचा प्रकार घडला तो दोन्ही छायाचित्रे काढल्यानंतर. छायाचित्रांवर वेळ नोंदलेली होती. हे सारे पाच ओळींत लिहून पाठवले. रागाचा एकही शब्द नाही.

तीन दिवसांनी एका चिपचे पैसे परत आले. टपालखर्च मिळाला नाही. तो मिळायला हवा होता असे माझे मत आहे, पण मुले खूश होती.

विक्रेत्याने दाद दिली नसती तर? कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात पाहा. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि २०२० चे ई-वाणिज्य नियम आहेत. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार केल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण मिळायला हवे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५. तरीही काम झाले नाही, तर आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. ब्रिटनमधल्या ग्राहकाला २०१५ च्या कायद्याने सदोष वस्तू नाकारण्यासाठी ३० दिवस मिळतात. मात्र हे नियम व्यापाऱ्यांसाठी आहेत. कोणी आपल्या माळ्यावरचे एखादे जुने यंत्र हौसेने विकले, तर आपले ई-वाणिज्य नियम त्याला लागू होत नाहीत. आणि परदेशी विक्रेत्याने दुर्लक्ष केले, तर कागदावरचा हक्क हाती येणे कठीण. म्हणून विक्रीच्या संकेतस्थळाची स्वतःची परतफेड योजना आहे का आणि तिची मुदत किती, हे मागवण्यापूर्वीच पाहावे. भाग आला की लगेच तपासावा. 'सुट्टीत बघू' म्हणून कपाटात ठेवला, की मुदत निघून जाते.

उलटी बसवलेली ती चिप मुलांनी फेकली नाही. एका पुठ्ठ्यावर चिकटवून, तिच्या खाचेभोवती लाल शाईने वर्तुळ काढून तो पुठ्ठा संगणकाच्या झाकणावर लावला आहे. नवीन मुलगा आला की आधी त्याला ती दाखवतात.