परदेशातल्या आपल्या माणसाच्या आजाराचं निदान: घरून काय करता येतं?

आजचा प्रश्न बऱ्याच घरांतला आहे. आपलं माणूस परदेशात आजारी आहे, तिथल्या डॉक्टरांना नेमकं काय झालंय ते सापडत नाही. अशा वेळी इथे यवतमाळ जिल्ह्यात बसून आपण काय करू शकतो? मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे औषध सांगणार नाही. माहिती कशी पोचवायची, तेवढं सांगतो.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात त्याची कंबर आणि हातपाय असे दुखायला लागले की रात्र रात्र झोप नाही. दवाखान्यात आधी म्हणाले स्नायू आखडलेत. मग संधिवाताची शंका आली. मग रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. फरक शून्य. इकडे मावशी रोज फोनवर विचारायची, "अरे, पण झालं काय ते तरी सांग!"

आता आपल्या भागात हाडं दुखणं आणि रक्त कमी असणं एकत्र दिसलं, की आशाताईसुद्धा एक शब्द बोलते: सिकलसेल. विदर्भात हा आजार गोंड, कोलाम, परधान अशा आदिवासी समाजांत आहे, पण फक्त त्यांच्यातच नाही, इतर अनेक समाजांतही आहे. यात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि दुखणं सुरू होतं. थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं, या दोन्हींनी ते उसळू शकतं.

मग तिथे का नाही लक्षात आलं? साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी आहे एवढं कळतं, ते का कमी आहे हे कळेलच असं नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून पाचव्या दिवसाच्या आसपास रक्त घेतात, त्यात सिकलसेलही तपासतात. पण पंचविशीत बाहेरून आलेल्या माणसाची ही तपासणी झालेली नसते. शिवाय बऱ्याच भारतीय रुग्णांमध्ये बाळपणीचं, म्हणजे फीटल, हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. त्यामुळे काहींना मोठं होईपर्यंत फारसा त्रास होत नाही.

गंमत बघा, वैद्यकशास्त्रात नोंदलेला पहिला सिकलसेल रुग्णसुद्धा घरापासून लांबच होता. वॉल्टर क्लेमंट नोएल हा कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाचा तरुण, 1904 मध्ये दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला आणि तिथे आजारी पडला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला त्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी दिसल्या. वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ते प्रसिद्ध केलं, पण हा कोणता आजार हे त्यांनाही सांगता आलं नाही. आज आपल्याकडे नाव आहे, तपासणी आहे. फक्त योग्य माणसाला योग्य प्रश्न सुचायला हवा.

आमच्याकडे तो सुचला एका कागदामुळे. मावसबहिणीची कॉलेजमधल्या शिबिरात तपासणी झाली होती. निकाल 'एएस', म्हणजे वाहक. सोयरिकीत अडचण नको म्हणून मावशीने तो कागद पेटीत तळाशी ठेवला होता. बहीण स्वतः म्हणाली, "माझा रिपोर्ट आहे, पाठवा दादाला." तो पाहिल्यावर तिथल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी तपासणी करायला सांगितली. निकाल आला 'एसएस'. म्हणजे आजार. नंतर इथे मावशी आणि काका दोघंही वाहक निघाले.

तर घरच्यांनी काय करायचं?

एक, एका पानावर तारखांसकट लिहा: त्रास कधी सुरू झाला, लहानपणी कावीळ, वारंवार ताप, रक्त चढवणं असं काही झालं होतं का. आम्ही याला बग रिपोर्ट म्हणतो. "खूप दुखतं" यापेक्षा "दर थंडीत, तीन-चार दिवस, कंबर आणि मांड्या" हे उपयोगी.

दोन, आजी-आजोबांपर्यंत कुणाला काय होतं ते लिहा. भावंडांचे रिपोर्ट त्यांना विचारूनच पाठवा.

तीन, अंदाज सांगू नका, प्रश्न विचारा: "आमच्या भागात सिकलसेल आढळतो, त्याची तपासणी झाली आहे का?" तिथले डॉक्टर रुग्णाच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगणार नाहीत, पण तुमची माहिती ऐकून घेऊ शकतात. सगळ्यात सोपं म्हणजे तो कागद रुग्णानेच हातात द्यावा.

चार, कोणती तपासणी झाली ते विचारा. शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने कळतं. अलीकडच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, निकाल फसवा येऊ शकतो.

आणि छातीत दुखून दम लागला, ताप चढला किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर कागद जमवत बसू नका. तिथल्या आपत्कालीन नंबरवर फोन करायचा. इंग्लंडमध्ये तो 999 आहे.

निदानाने काय बदललं? भावाला हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं, दुखण्याच्या फेऱ्या कमी झाल्या. आणि आता हातात आजाराचं नाव आहे. सिकलसेलचं तीव्र दुखणं घेऊन आलेल्या रुग्णाला अर्ध्या तासात वेदनाशामक द्यावं, असं इंग्लंडची 2012 पासूनची मार्गदर्शक सूचना सांगते. नाव नसेल तर ती सूचना लागूच होत नाही.

राहिला सोयरिकीचा प्रश्न. वाहक म्हणजे आजारी नव्हे. दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. समोरचा वाहक नसेल आणि रुग्णही नसेल, तर 'एसएस' आजार बाळाला होत नाही. म्हणून रिपोर्ट लपवायचा नाही, दोघांचे समोरासमोर ठेवायचे. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे, आशाताईला विचारा.

मावशीने तो कागद आता प्लास्टिकमध्ये घालून आधार कार्डांसोबत ठेवलाय. तुमच्याही घरी असा एखादा असेल. आज शोधा, फोटो काढा, ज्याच्या कामाचा आहे त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात.