घरात परवान्याची रायफल आहे? मग आधी कुलूप, नंतर स्वसंरक्षण

गावाकडून अत्याचाराची बातमी आली की माटुंगा लेबर कॅम्पातल्या आमच्या युवकांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : "आपल्याला बंदुकीचा परवाना मिळतो का?" प्रश्न रागातून येतो, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच वस्त्यांमध्ये बँकेत गनमॅनची नोकरी करणारे निवृत्त जवानही राहतात. काही घरांत हत्यार आधीच आहे. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, खाली खेळणारी नातवंडं आणि दिवाणाखाली कापडात गुंडाळलेली बंदूक. म्हणून परवान्याइतकंच ती ठेवायची कशी, यावरही आपण बोललं पाहिजे.

कायदा काय सांगतो?

अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा. त्याखालच्या 1995 च्या नियमांतला नियम 3 प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. अत्याचाराची शक्यता असलेली गावं राज्य सरकारने आधीच निश्चित करायची आहेत. तिथे गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे, बेकायदा हत्यारं जप्त करायची आणि संरक्षणासाठी गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने द्यायचे, असं त्यात आहे. क्रम लक्षात घ्या : आधी हल्लेखोराच्या हातचं हत्यार काढून घ्यायचं, मग आपल्या परवान्याचा विषय. आपण मागणी करताना पहिला भाग विसरतो.

परवाना 1959 च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो. मुंबईत पोलीस आयुक्तांकडे आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं आहे. विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावठी कट्टा "संरक्षणासाठी" ठेवणारा तरुण प्रत्यक्षात स्वतःविरुद्धचा पुरावा सांभाळत असतो.

तयार म्हणजे भरलेली नव्हे

1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिचा अभिमान आपण बाळगतो, मग तिची शिस्तही घेऊ. शांततेच्या काळात जवान रायफल उशाशी घेऊन झोपत नाही. ड्युटी संपली की ती 'कोत'मध्ये जमा होते, नोंद होते, कुलूप लागतं. ज्याचा धंदाच हत्याराचा, तो इतकं जपतो. आपण घरात त्याहून सैल कसे राहू?

ठेवायची कशी?

एक, रायफल नेहमी रिकामी ठेवा. मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली, असं नाही. एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असू शकते. नळी सुरक्षित दिशेला धरा, बोट ट्रिगरपासून दूर ठेवा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा.

दोन, आपल्याकडच्या .315 बोअरच्या रायफलीचा बोल्ट काढता येतो. तो काढून वेगळ्या कुलपात ठेवा. बोल्टाविना रायफल चोराच्या किंवा मुलाच्या हाती लागली तरी चालत नाही.

तीन, रायफल भिंतीला बोल्टने पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात ठेवा. काडतुसं दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात. चावी फक्त परवानाधारकाकडे. देव्हाऱ्यामागे, डब्यात किंवा गादीखाली ठेवलेली चावी मुलांना आठवडाभरात सापडते.

चार, मुंबईचा पावसाळा लोखंड खातो. कापडी किंवा चामडी खोळीत रायफल महिनोन् महिने ठेवली तर ओल आत कोंडते. तेलाचा पातळ हात द्या, कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा.

पाच, रील नको, फोटो नको, शेजाऱ्यांना दाखवणं नको. घरात हत्यार आहे हे गल्लीला कळलं की चोरालाही कळतं. चोरी झाली किंवा हरवली तर लगेच पोलीस ठाण्यात कळवा.

धोका घरातही असतो

घरातल्या बंदुकीचा धोका अनेकदा घरातल्याच माणसाला असतो. दारू, कर्ज, नापास झालेला मुलगा, रोजची भांडणं. अशा वेळी निराशेचा एक क्षण आणि हाताशी असलेलं हत्यार एकत्र आले तर परत फिरायला संधी उरत नाही. घरात कुणी खचलेलं असेल तर रायफल घराबाहेर काढा. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती रीतसर जमा करता येते. आणि 14416 या टेली-मानस क्रमांकावर बोला. परवानाधारकाचं निधन झालं तर वारसांनी ती आठवण म्हणून ठेवू नये. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी.

वापर कधी?

भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे. पण पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर तो हक्क मिळत नाही, आणि संरक्षणासाठी लागेल त्याहून जास्त इजाही करता येत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं हे संरक्षण नव्हे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. पहिलं शील घेणाऱ्या माणसाच्या घरातलं कुलूप हे त्या फरकाचंच रोजचं रूप आहे. हात कपाटापर्यंत जाऊन कुलूप उघडेपर्यंत जो वेळ लागतो, त्यात राग आणि गरज वेगळे होतात.

एकट्याच्या रायफलीने वस्ती वाचत नाही. वस्ती वाचवतात ती एकमेकांना ठाऊक असलेली माणसं, वेळेत केलेला 112 वरचा फोन, अत्याचारविरोधी हेल्पलाइन 14566 वरची तक्रार, नीट लिहून घेतलेला एफआयआर आणि नियम 3 ची अंमलबजावणी मागणारं लेखी निवेदन. पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावासाठी असं एक निवेदन लिहून आणा. आणि ज्यांच्या घरात हत्यार आहे, त्यांनी आज रात्री झोपण्याआधी चेंबर आणि कुलूप तपासा.

जय भीम!